थोर खगोलशास्त्रज्ञ प्रा. नायगमवाला आणि आपले जेऊर



आपल्या भित्तिपत्रिकेत दर वेळी एका थोर माणसाचे चरित्र असते. शिवाजी महाराज झाले, सावित्रीबाई झाल्या, साने गुरुजी झाले, अब्दुल कलाम झाले. या वेळी गुरुजींनी चौथीच्या वर्गातून मला लिहायला सांगितले. मी प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे चरित्र निवडले आहे. हे नाव आपल्या गावात फारसे कुणी ऐकलेले नाही. मीसुद्धा ऐकले नव्हते. पण त्यांच्या काळात इंग्लंडमधले आकाश बघणारे मोठमोठे लोक त्यांना ओळखत होते. आणि मुख्य म्हणजे ते आपल्या सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला येऊन राहिले होते. पुण्याहून रेल्वेने येताना भिगवण गेलं की जेऊर लागतं, मग केम, मग कुर्डुवाडी. तेच हे जेऊर. एवढा मोठा माणूस तिथं कशाला आला होता, ते मी सांगणार आहे.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. १८५७ म्हणजे उठावाचे साल, म्हणून ते माझ्या पक्के लक्षात राहिले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले. १८७८ साली ते एम. ए. झाले. त्यांचे विषय होते पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र. पुढे त्याच कॉलेजात ते शिकवू लागले.

आता तुम्ही विचाराल, हा माणूस तर प्रयोगशाळेतला. बाटल्या, नळ्या आणि दिवे यांचा. मग तो आकाशाकडे कसा वळला? मलाही हाच प्रश्न पडला होता. गुरुजींनी तो आम्हांला एका परातीत पाणी घेऊन समजावून सांगितला.

उन्हात पाण्याची परात ठेवली. तिच्यात आरसा तिरपा बुडवून धरला. समोरच्या भिंतीवर तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे रंग पडले. पांढरे ऊन फोडले की त्यातून रंग निघतात. रंगांच्या या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. पावसातले इंद्रधनुष्यही तसेच होते. दुसरी गोष्ट तुम्ही घरी पाहिलीच असेल. चुलीच्या जाळात मीठ पडलं की जाळ एकदम पिवळा होतो. दिवाळीच्या शोभेच्या दारूत कुठे लाल, कुठे हिरवा रंग निघतो, तोही त्यात घातलेल्या वेगवेगळ्या पदार्थांमुळेच. प्रत्येक पदार्थ तापला की आपापल्या ठरलेल्या रंगाच्या रेघा दाखवतो. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्या कुणाशी जुळत नाही, तशा या रेघाही एका पदार्थाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत.

म्हणजे तारा कितीही लांब असला तरी त्याचा प्रकाश फोडून बघितला की तो कशाचा बनला आहे ते कळते. तिथं जायची गरज नाही. त्या काळी तर विमानसुद्धा निघाले नव्हते, मग रॉकेट कुठलं! तरी माणसांनी सूर्यावर कोणते पदार्थ आहेत ते घरी बसून ओळखले.

याची एक गंमत सांगते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते. त्या वर्षी सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ सापडली. ती पृथ्वीवरच्या ओळखीच्या कोणत्याच पदार्थाशी जुळेना. तेव्हा तो सूर्यावरचा नवा पदार्थ समजून त्याचे नाव हेलियम ठेवले, कारण ग्रीक भाषेत सूर्याला हेलिओस म्हणतात. पुढे १८९५ साली तो वायू पृथ्वीवरही सापडला. मी वजाबाकी केली, २७ वर्षे होतात. जो वायू भरल्यावर फुगा वर वर जातो, तो हा हेलियम. तो आधी सूर्यावर सापडला आणि मग आपल्या पायाखाली.

कावसजी अकरा वर्षांचे असताना हे १८६८ चे ग्रहण झाले. मोठेपणी त्यांनी ही प्रकाश फोडायचीच विद्या धरली. रसायनशास्त्र आणि आकाश यांची गाठ तिथं पडते.

पण या कामाला मोठी दुर्बीण हवी आणि दुर्बिणीला पैसा हवा. काठियावाडात भावनगर नावाचे संस्थान होते. तिथले महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली या कामासाठी देणगी दिली. मुंबई सरकारनेही पैसे घातले. १८८४ साली कावसजी इंग्लंडला गेले. तिथल्या जाणत्या लोकांना भेटून कोणती यंत्रे घ्यावीत ते त्यांनी समजून घेतले. दुर्बीण आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातल्या ग्रब यांच्या कारखान्यातून आली. तिचा आरसा २० इंच रुंद होता. २० इंच म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर. आम्ही वर्गातली फूटपट्टी लावून परात मोजली. दुर्बिणीचा आरसा आमच्या परातीपेक्षाही थोडा मोठा भरला. तेव्हा भारतात याहून मोठी दुर्बीण नव्हती, आणि पुढे कित्येक वर्षे तीच सर्वांत मोठी होती.

ही दुर्बीण पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात बसवली. हेच कॉलेज पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. वेधशाळेला देणगीदारांचे नाव मिळाले, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. ती १८८८ साली तयार झाली. कावसजी १८८५ सालीच पुण्याला आले होते. ते कॉलेजात मुलांना शिकवीत आणि वेधशाळाही सांभाळीत. १९०० सालापासून मात्र त्यांनी पूर्ण वेळ वेधशाळेलाच दिला.

वेधशाळेतले त्यांचे एक काम मला फार आवडले. हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्र दिसते ना? चार कोपऱ्यांना चार तारे आणि मध्ये एका ओळीत तीन तारे. त्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली एक धुरकट ठिपका आहे. तो वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग आहे. त्याला तेजोमेघ म्हणतात. त्याच्या प्रकाशात एक हिरवी रेघ दिसते. ती कशाची, यावर त्या वेळी इंग्लंडमध्ये मोठा वाद चालला होता. नॉर्मन लॉकियर नावाच्या प्रसिद्ध शास्त्रज्ञांचे मत असे होते की ती मॅग्नेशियमची आहे आणि तिची एक कड पुसट असते. कावसजींना लॉकियर यांनी पूर्वी सल्ला दिलेला होता. पण १८९१ साली पुण्याच्या दुर्बिणीतून पाहताना कावसजींना ती रेघ दोन्ही कडांना स्वच्छ आणि बारीक दिसली. जे दिसले तेच त्यांनी लिहून पाठवले. आपल्याला सल्ला देणाऱ्या मोठ्या माणसाच्या मताविरुद्ध ते गेले, तरी त्यांनी ते लपवले नाही. ती रेघ खरी कशाची होती ते १९२७ साली उलगडले. ती प्राणवायूची, म्हणजे आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनची निघाली.

आता जेऊरची गोष्ट.

२२ जानेवारी १८९८, शनिवार. त्या दिवशी अमावास्या होती, कारण सूर्यग्रहण अमावास्येलाच होते. चंद्र सूर्याच्या आड येतो आणि त्याची सावली जमिनीवरून पळत जाते. चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४०० पट लहान आहे, पण तो आपल्याला सुमारे ४०० पट जवळ आहे. म्हणून एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्याला बरोबर झाकतो. डोळ्याजवळ रुपया धरला की समोरचं अख्खं चिंचेचं झाड झाकतं, तसंच हे. त्या दिवशी सावली कोकणातून विजयदुर्गजवळून आत शिरली आणि घाट चढून आपल्या जेऊरवरून पुढे विदर्भाकडे गेली. सावलीचा पट्टा अरुंद असतो. त्या पट्ट्यात जो उभा असेल त्यालाच सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो. म्हणून इतक्या लांबून माणसे आली. विजयदुर्गला स्वतः लॉकियर आले होते. जेऊरला पुण्याहून कावसजी आपली यंत्रे आणि मदतनीस घेऊन आले. जेऊरलाच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हे शास्त्रज्ञ आले होते. त्यांच्याजवळ ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. आपल्या शाळेच्या ओट्यावरसुद्धा तो मावला नसता. तेव्हाही जेऊरवरून रेल्वे जात होती, म्हणून अवजड सामान आणायची सोय होती.

दिवस काही सुखाचे नव्हते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि १८९७ साली ती पुण्यातही पोहोचली. १८९६-९७ साली आपल्या भागात मोठा दुष्काळ पडला होता. अशा दिवसांत ही माणसे माळरानावर तंबू ठोकून यंत्रे जुळवत होती. तीसुद्धा किती वेळासाठी? पूर्ण ग्रहण जेऊरला फक्त सुमारे दोन मिनिटे दिसणार होते. आपले राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे आहे. दोनदा राष्ट्रगीत म्हणून होईल एवढाच तो वेळ. तेवढ्यात ढग आला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती.

पण आपल्याकडे जानेवारीत आभाळ कसं असतं ते तुम्हांला माहीतच आहे. शेतात ज्वारी हुरड्यात आलेली असते आणि वर निळं स्वच्छ आभाळ असतं. त्या दुपारी आभाळाने साथ दिली. सूर्य पूर्ण झाकला गेला. झाकलेल्या सूर्याभोवती पांढऱ्या प्रकाशाची झालर दिसली. तिला प्रभामंडळ किंवा करोना म्हणतात. करोना म्हणजे मुकुट. आजाराच्या विषाणूलाही ते नाव तो मुकुटासारखा दिसतो म्हणूनच दिले आहे. एरवी सूर्याच्या झगमगाटात ही झालर दिसत नाही, म्हणून ग्रहणाची वाट पाहावी लागायची. कावसजींनी या झालरीचा वर्णपट फोटोच्या काचेवर उतरवला. सूर्य झाकला जातो त्या क्षणी त्याच्या कडेचा पातळ थर दोन-चार सेकंद चमकतो, त्याचाही वर्णपट त्यांनी घेतला. मग पुण्याला जाऊन त्या काचांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. जेऊरच्या या कामाचा त्यांचा अहवाल १९०२ साली छापून निघाला. दोन मिनिटांचे काम, आणि लिहायला चार वर्षे! त्या अहवालाच्या नावातच आपल्या जेऊरचे नाव आहे. हे वाचून मला फार अभिमान वाटला.

१९१२ साली कावसजी निवृत्त झाले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. आणि त्यांच्याबरोबर पुण्याची वेधशाळाही बंद झाली. ती मोठी दुर्बीण आणि बाकीची यंत्रे दक्षिणेत कोडाईकनालच्या वेधशाळेला पाठवून दिली. १९३८ साली कावसजी वारले.

वेधशाळा बंद झाली हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा आम्हां सर्वांना वाईट वाटलं. चोवीस वर्षे एका माणसाने जीव लावून जे सांभाळले, ते त्याच्यामागे पुण्यात चालले नाही. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण हातात असून चालले नाही. म्हणजे नुसती दुर्बीण असून भागत नाही. तिच्यातून बघायची ओढ असलेली पुढची मुलंही लागतात.

पण गोष्ट इथंच संपत नाही. कोडाईकनालची वेधशाळा आज बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी आपल्या देशाने आदित्य एल-१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी सोडले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते ठरल्या जागी पोहोचले. ती जागा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे यान सूर्याच्या वाटेचा शंभरावा भागच गेले. पण तिथून सूर्य सतत दिसतो, मध्ये रात्र येत नाही. त्या यानावरचे एक मोठे यंत्र याच बंगळूरच्या संस्थेने बनवले आहे. ते सूर्याची तबकडी झाकते आणि भोवतालचा करोना बघते. म्हणजे ते आपले ग्रहण आपणच करून घेते. जे जेऊरला दोन मिनिटे बघायला मिळाले, ते आता रोज बघता येते. कावसजींनी जे काम जेऊरच्या माळावर केले, त्याच कामाला आपले यान गेले आहे.

आता मी आमच्या वर्गाचे थोडे सांगते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले. तेव्हा आम्ही लहान होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि खूप नाचलो. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू झाले. यान १४ जुलैला निघाले, मग पोहोचायला किती दिवस लागले? आम्ही बोटांवर मोजले, ४० दिवस. सरळ का गेले नाही? तिथं हवा नाही, तर पॅराशूट चालेल का? चंद्रावर रात्र किती दिवसांची असते? उत्तरे शोधताना वजाबाकी आली, भागाकार आला, नकाशा आला, पाणी आणि हवा आली. जो मुलगा गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा, तो आता किलोमीटरला तासाने भागतो, कारण त्याला यानाचा वेग काढायचा असतो. एकीने घरच्या मोटारीचं पाणी वर कसं चढतं ते वडिलांना विचारलं. एकाने लिंबाच्या झाडाखाली पडलेले उन्हाचे गोल गोल ठिपके मोजले. ते सूर्याचीच चित्रे असतात, हे आम्हांला तेव्हा कळलं.

कावसजींचंही असंच झालं, असं मला वाटतं. ते आकाश बघायला निघाले आणि त्यांना रसायन लागलं, काच लागली, फोटो लागला, घड्याळ लागलं, गणित लागलं. आकाशाची ओढ एकटी राहत नाही, ती सगळ्या विज्ञानाला हाताला धरून घेऊन येते. आणि जमिनीवरच्या कामाला ते सगळे उपयोगी पडते.

शेवटी पालकांना एक विनंती करते. २ ऑगस्ट २०२७ रोजी संध्याकाळकडे आपल्या भागात खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा असेल, ढग येतील, तरी बघायची तयारी ठेवायची असं आम्ही ठरवलं आहे. आमची आज्जी ग्रहणात जेवत नाही, दार लावून बसते. तिला मी मोडता घालत नाही. ती तिची रीत आहे. पण आम्हां मुलांना कृपा करून घरात कोंडू नका. नुसत्या डोळ्यांनी किंवा काळ्या गॉगलमधून सूर्याकडे बघायचं नाही, हे आम्हांला माहीत आहे. त्याने डोळे कायमचे जातात. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याकडे पाठ करायची. त्या भोकातून उन्हाचा ठिपका दुसऱ्या कागदावर घ्यायचा आणि सूर्याचा चावलेला तुकडा त्या कागदावर बघायचा. याला एक पैसाही लागत नाही.

आणखी एक विनंती. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. ते ग्रहण येईल तेव्हा आम्ही या वर्गात नसू. पाचवीची शाळा लांब आहे, एस. टी. कधी येते, कधी येत नाही. मुलांना पाठवतात, पण मुलींचं घरात बोलणं चालू आहे की पाठवायचं का नाही. माझ्या वर्गात सहा मुली आहेत. सहाच्या सहा जणींना यान कसं उडतं ते पुढं शिकायचं आहे. पुण्यात दुर्बीण होती, पण पुढे बघणारं कुणी राहिलं नाही. आपल्या गावात दुर्बीण नाही, पण बघणारे डोळे भरपूर आहेत. आम्हांला पाचवीला पाठवा.

प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांना माझे शतशः प्रणाम. माझे लिहिणे संपले.

इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी